गेटवर अडकलेला निरोप

बेलापूरबाहेरच्या एका दूध डेअरीत पंकजा शिफ्टची सुपरवायझर होती. हल्ली कामावर जायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. तिथं आताशा कुणी भांडतसुद्धा नव्हतं. माणसं वेळेवर यायची, सांगितलं तेवढं करायची आणि मान खाली घालून घरी जायची. एकदा दूध थंड ठेवणाऱ्या चिलरचा आवाज सकाळपासून बदललेला होता. सगळ्यांनी तो ऐकला, बोललं कुणीच नाही. दुपारपर्यंत टाकीभर दूध नासलं. तिनं विचारलं तेव्हा पिशव्या भरणारी भागूबाई शांतपणे म्हणाली, "आमाला कोन इचारतंय मॅडम. आमी पिशव्या भरतो."

मालक राधाकृष्णशेठ वैतागले. माणसांना हुरूप यावा म्हणून त्यांनी पुण्याहून एक गृहस्थ बोलावले. त्या गृहस्थांनी फुगे लावले, सगळ्यांना मोठ्यानं हसायला लावलं, एकमेकांना टाळ्या द्यायला लावल्या. माणसं हसली, टाळ्या दिल्या, समोसे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुकाट कामाला लागली. मग शेठनी पंकजाला बोलावून सांगितलं, माणसांत जीव आला पाहिजे, कसा ते तुझं तू बघ. ती हो म्हणाली. नाही म्हणायचं तर वाद घालावा लागला असता आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

माणसं अशी का झाली, ते तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. डेअरीत मोबाईल गेटवर जमा करायचा नियम होता. उन्हाळ्यात एका सकाळी चिलर सांभाळणाऱ्या खाजाभाईंची आई शेवगावला, धाकट्या भावाकडे वारली. भावानं गेटवर फोन केला. वॉचमननं निरोप मॅनेजर वैजनाथकडे पोचवला. दारात टँकर उभा होता, चिलरवर दुसरा माणूस नव्हता. वैजनाथ म्हणाला, सुट्टी झाल्यावर सांगा. भावानं दुपारच्या नमाजापर्यंत वाट पाहिली, फोनवर फोन केले. त्या उन्हात मयत किती वेळ ठेवणार? खाजाभाई एस.टी.नं शेवगावला पोचले तेव्हा लोक कबरस्तानातून परतले होते.

चार दिवसांनी ते कामावर आले ते गप्पच. आणि त्यांच्यामागं हळूहळू सगळी डेअरी गप्प झाली. त्या दिवशी पंकजा रजेवर होती. पण परत आल्यावर तिनंही विषय काढला नव्हता. काढून काय बोलायचं, हेच तिला सुचलं नव्हतं.

शेठचं बोलणं ऐकून आल्यावर, सुट्टी झाली तशी ती खाजाभाईंच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, शरिफाभाभींनी, चहा ठेवला. पंकजा कपाशी चाळा करत राहिली. मग खाजाभाईच म्हणाले, "ताई, तुमी आलात, बरं वाटलं. पर माझ्या आईला मी मूठभर माती देऊ शकलो न्हाई. ज्यानं मला थांबवलं तो रोज समोरून जातो, आन नमस्कार घेतो."

ती तशीच उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं वैजनाथला गाठलं आणि खाजाभाई जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. तो आधी नियमाचं बोलला, मग टँकरचं. मग खुर्चीत मागं रेलला आणि डोळे चोळत राहिला. शेठना टँकर थांबलेला चालत नाही, आपल्याला काय हौस होती का, असं काहीतरी पुटपुटला. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहून पंकजाला वाटलं, हाही आपल्यासारखाच दमलेला आहे. पण ती उठली नाही.

"टँकरचं शेठना मी सांगेन," ती म्हणाली. "खाजाभाईंना तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर."

दोन दिवस तो टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी, पिशव्या भरणं चालू असताना, तो चिलरपाशी येऊन उभा राहिला. बायकांचे हात थांबले.

"खाजाभाई," तो म्हणाला, "त्या दिवशी निरोप मी अडवला. तुम्हाला सोडायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

खाजाभाईंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "ऐकलं साहेब," ते म्हणाले. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. वैजनाथ वळून निघून गेला.

टँकर थांबला तरी घरचा निरोप पोचलाच पाहिजे, असं सांगितल्यावर शेठ पंकजाला बरंच बोलले. तरी तिनं आत, पिशव्यांच्या टेबलाजवळ, कामगारांच्या घरच्यांना थेट लावता येईल असा एक फोन बसवून घेतलाच, आणि तो वाजला की काम बाजूला ठेवून उचलायचा असं ठरवलं. कामगारांतला करण नावाचा चांगला पोरगा तोवर या मुकाटपणाला कंटाळून नोकरी सोडून संगमनेरला गेला होता. तो काही परत आला नाही.

पुढच्या आठवड्यात खाजाभाईंनी तिला हाक मारून कॉम्प्रेसर गरम होतोय असं सांगितलं, आणि दुरुस्तीवाल्याला आजच बोलवा म्हणून बजावलं. मग भागूबाई आली आणि सांगू लागली. हातमोजे फाटलेत, पंखा चालत न्हाई, आन पिण्याच्या पान्याला वास येतोय, तुमी सोता पिऊन बघा एकदा. तिच्यामागं आणखी दोघी उभ्या होत्या. सगळ्यांचं ऐकेस्तोवर सुट्टीची वेळ कधी टळून गेली ते कळलंच नाही. पंकजाचं डोकं ठणकत होतं. तिनं ग्लासभर पाणी घेतलं आणि भागूबाईसमोरच पिऊन पाहिलं. खरंच वास येत होता.