कूलरच्या पत्र्याआड

पत्र्यावर कानस फिरल्याचा आवाज कुठे कानी आला, की माझे दात आंबतात आणि चैत्रातली ती पांढरी, निष्ठुर दुपार पुन्हा दारात उभी राहते. त्या प्रकाशात आमचे हे ओसरीवर मांडी घालून बसलेले असत. कपाळावरचा घाम भुवईशी येऊन थबकलेला, ओठ किंचित पुढे काढलेले, आणि मांडीवर आमच्या कूलरचा सोललेला पत्रा. त्या साली टँकर घरटी मोजक्या घागरींवर माणसांची बोळवण करी. कूलरला पाणी पाजण्याची चैन कुणाला परवडणार होती? "तसाबी बिनकामाचाच हाय न्हवं," म्हणत ह्यांनी त्याचं पोट रिकामं केलं. मला न विचारता, अर्थातच.

पुण्याच्या कारखान्यात ज्या यंत्रापुढे ह्यांची उमेदीची वर्षं गेली, तसलंच यंत्र ते आता घरी उभारत होते: कॉम्प्युटरवर काढलेली वेल जशीच्या तशी लाकडावर कोरणारं सीएनसी मशीन. गावच्या सहकारी सोसायटीचं गोदाम दुष्काळानं ओस पडलं होतं. मशीन चालताना दिसलं तर गोदामातली जागा तुमची, असा शब्द चेअरमननी दिला होता. मग दारं-चौकटींचं काम इथंच, गावात. नाहीतर पुन्हा पुणे, पुन्हा ती भाड्याची खोली, आणि मी इथे सासूबाईंच्या खोकल्यापाशी. आमचा सगळा संसार त्या एका शब्दावर टांगलेला होता.

यंत्राचा सांगाडा दणकट होता. त्याचा प्राण मात्र होता मोटारींना हुकूम देणाऱ्या हिरव्या, नाजूक कार्डांत, आणि कूलरचा पत्रा चालला होता तो त्या प्राणाला घर बांधण्यासाठी. पेटी घट्ट बंद करावी तर उन्हानं आत भट्टी पेटणार, उघडी ठेवावी तर साऱ्या रानाची उडती माती आत येऊन बसणार. ह्या पेचात हे दिवसचे दिवस गढून गेले. कूलरच्या जाळ्यांवर माझ्या विरलेल्या सुती लुगड्याचे तुकडे ताणून बसवले, म्हणजे हवा गाळून यावी. ऊन हवा वर चढते म्हणून माथ्यावर भोकं पाडली आणि एकेक भोक कानशीनं गुळगुळीत केलं. त्या वेळी ह्यांची बोटं इतकी मृदू होत, की मला त्या पत्र्याचा हेवा वाटे. माझ्या वाट्याला ती तशी क्वचितच आली. मी ओलं फडकं घेऊन जवळ गेले, की हे अंगावर खेकसत, "पाणी लांब ठिव! कळत न्हाई का तुला?" ओसरी दणाणून जाई. मला राग येई, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटे. इतक्या जिवापाड काही राखणारा माणूस मी आपल्या घरात प्रथमच पाहत होते.

यंत्राच्या पूजेला चेअरमन आले ते कडक इस्त्रीच्या शुभ्र कपड्यांत, मागे माणसांचा घोळका घेऊन. ह्यांनी नारळ फोडायला खाली वेगळा दगड मांडून ठेवला होता. "दिवे लावा की, पूजा काय अंधारात करता?" चेअरमन म्हणाले. ह्यांनी बटण दाबलं. पेटीच्या फटींतून हिरवट उजेड पाझरला, पंखा गुणगुणू लागला. हळदीकुंकू वाहून झालं. मग चेअरमननी नारळ उचलला आणि बोअरच्या गाडीवर फोडतात तसा थेट पेटीच्या कोपऱ्यावर नेम धरला. तो हात वर जाताना ह्यांनी पाहिला; दारातल्या बायकांमधून मी ह्यांना पाहत होते. ह्यांचं तोंड उघडलं, शब्द ओठांपर्यंत आलेला मला दिसला. पण तो बाहेर पडला नाही, आणि छातीशी जोडलेले हात जोडलेलेच राहिले.

नारळ फुटला, पाणी पेटीच्या माथ्यावर पसरलं आणि त्या गुळगुळीत भोकांतून निमूट आत उतरलं. फट् असा आवाज झाला, करपल्याचा दर्प उठला, पंखा थांबला. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मशीन सुरू झालं.

"काय झालं बे?"

"माझीच चूक, साहेब. भोकं वर ठिवलती मी," हे म्हणाले. हसत म्हणाले!

"नारळाच्या पाण्यानं बंद पडतंय, ते मशीन कसलं बे? लई कच्चं हाय अजून."

प्रसाद वाटला गेला. गोदामात पुढे चेअरमनच्या पुतण्याचं मंडपाचं सामान रचलं गेलं, आणि आषाढ लागायच्या आत हे पुण्याची गाडी धरायला मांजरसुंब्याच्या फाट्यावर निघून गेले.

लोक म्हणतात, दुष्काळानं तुमचं घर मोडलं. दुष्काळावर माझा राग नाही. धुळीचं आणि उन्हाचं जे काही देणं होतं, ते ह्यांनी चोख निस्तरलं होतं. माझा राग त्या आवाजावर आहे, जो माझ्या ओल्या फडक्यावर कडाडत असे आणि त्या दिवशी कुठे दडून बसला कोण जाणे. सहकार सहकार म्हणतात तो हाच असावा: एकानं हात उगारायचा आणि बाकीच्यांनी हात जोडून उभं राहायचं.

आता हे तिकडे दुसऱ्यांच्या यंत्रांच्या पेट्या जोडतात. फोनवर सासूबाईंचं औषध विचारतात, पाऊस विचारतात. ऋतू येतात, जातात. सहवासाविना ह्यांचा चेहरा मला पुसट होत चालला आहे. स्मृतीत लख्ख उरले आहेत ते दोन जोडलेले हात, आणि कितीदा तो क्षण मागे फिरवला तरी ते मला अजून सोडवता आलेले नाहीत.