मागची सीट

सासूबाई अपघातात गेल्या तेव्हा मी पुढच्या सीटवर होते. नणंदेनं ते मला वर्षभर ऐकवलं.

"वहिनी पुढे, आई मागे. वा गं सूनबाई!"

मागे बसवलं होतं यांनी. "मागे सगळ्यात सुरक्षित, आई," म्हणत पट्टाही स्वतःच लावला. गाडी धडकेच्या परीक्षेत पाच तारे मिळवलेली. यांनी तारे बघूनच घेतलेली. धडक झाली, आम्हा दोघांचं खरचटण्यावर निभावलं. सासूबाईंच्या बरगड्या मात्र पट्ट्याखालीच मोडल्या. डॉक्टर म्हणाले, वय. त्या एका शब्दाच्या आधारावर हे दोन घास गिळत होते, म्हणून नणंदेचं सगळं मी मुकाट ऐकून घेतलं. माझी कातडी काय, जाडच.

नवी गाडी बघायला तिघं गेलो. "कोण कुठे बसतंय ते मला बघायचंय," म्हणून नणंदही आली.

"हिला चारच तारे?" यांनी विचारलं. "आमच्या जुनीला पाच होते."

विक्रेता खुलला. "साहेब, आता परीक्षा कडक झालीय. तुमच्या त्या गाडीला आज दोनसुद्धा मिळायचे नाहीत. तेव्हा गाडी आपटून बघताना मागे माणसाचा पुतळा बसवतच नव्हते ना! आता बसवतात. पुढचा पट्टा आवळतो आणि मग जरा सैल सोडतो, छाती वाचते. जुन्यांत मागचा नुसताच आवळायचा."

"लाल रंगात आहे का हो?" मी मध्येच घुसले. जन्मात लाल आवडला नाही मला.

"म्हणजे मागची जागा तपासलीच नव्हती?" हे.

"तेव्हा कोण तपासत होतं, साहेब? लोक कशानं मरतात ते कळलं, की तेवढं परीक्षेत वाढवतात."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. टोमण्याची एक संधी न सोडणारी ती बाई म्हणाली, "दादा, वयच झालं होतं रे तिचं."

हे तोवर मागचं दार उघडून आत बसले होते. पट्टा ओढून पाहत होते, पुन्हा पुन्हा.

"ऐसपैस आहे ना, साहेब?" विक्रेत्यानं विचारलं.

गाडी घेतली नाही. नणंद आता मला एका शब्दानंही बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. हे बसनं कामाला जातात. सीट रिकामी असली तरी उभेच राहतात.