चूक कुणाच्या नावावर

मढच्या दूध संकलन केंद्रावर त्या सकाळी कॉम्प्युटर सगळ्यांच्या दुधाचं फॅट शून्य दाखवत होता. म्हशीचं असो की गाईचं, शून्य. लोक किटल्या घेऊन खोळंबले होते. केंद्राचे सचिव चिमाजी यांनी जुन्नरला फोन लावला आणि तासाभरात स्वराज जीप घेऊन आला. सोबत जागृती होती.

जुन्नरच्या बाजारपेठेत स्वराजचं छोटं ऑफिस होतं. दूध केंद्रांना लागणारा प्रोग्रॅम तो लिहायचा. जागृती मंचरच्या कापड दुकानदार शांतीलाल यांची मुलगी. ही तिची पहिलीच नोकरी. एसटीने रोज येऊन-जाऊन करायची.

तिने पडद्यावर नजर टाकली आणि तिला चूक कळली. हळूच म्हणाली, "सर, काल संध्याकाळी तुम्ही फॅटचा भाग बदललात ना, तिथंच गडबड आहे."

स्वराजने एकदा गर्दीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "मी कशाला हात लावू? हिनंच घोळ घातलाय. नवीन आहे, कळत नाही अजून."

"आवो, मग आसलं काम पोरीच्या हाती देताच कशाला राव?" चिमाजी म्हणाले. लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "कापडं मोजायला बशीव तिला."

चूक तिनेच दुरुस्त केली, मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी स्वराजने तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मढवाल्यांना तोंड दाखवायचंय, म्हणाला.

शांतीलाल यांचा मुलीवर विश्वास होता, पण ते म्हणाले, "सोडून दे बेटा. दुकानात बस."

ती दुकानात बसली. सोडून मात्र दिलं नाही. तो खोटं बोलला यापेक्षा त्याचं खोटं पकडता आलं नाही, हे तिला जास्त जाळत होतं. प्रोग्रॅम कुणी बदलला, कधी बदलला, याचा कुठे मागमूसच नव्हता. बोलणाऱ्याचा आवाज मोठा, म्हणून त्याचं खरं.

मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला एक सॉफ्टवेअर सापडलं. प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवायचं. इंटरनेटची पानं उघडतात तसं ब्राउझरमध्ये उघडायचं. चूक कुणी दाखवली, कुणाची आहे, कुणी काय दुरुस्त केलं, सगळं नावानिशी; आणि एकदा लिहिलेलं कुणाला गुपचूप खोडता येत नाही. ते मुळात लिनक्ससाठी बनवलेलं, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज. एक बसवलं की दुसरं अडायचं. मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ती ते चालेपर्यंत आठवडेच्या आठवडे त्याच्याशी झुंजली.

"एवढं काय करतेस गं?" शांतीलाल यांनी विचारलं.

"खुन्नस काढतेय, पप्पा."

ते गल्ल्यावर जाऊन बसले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी मंचरच्या दूध संघात ती कॉम्प्युटर विभाग सांभाळायला लागली. संघाला सगळ्या केंद्रांवर एकच प्रोग्रॅम हवा होता. अर्ज आले, त्यात स्वराजचाही. संघाचे मॅनेजर सावळेराम यांच्या कानावर मढची हकिकत आली होती. त्यांनी स्वराजचा कागद बाजूला ठेवला. "याला काढूनच टाकू ना?"

"नाही साहेब. त्यालाच द्या," जागृती म्हणाली. "फक्त एक अट घाला. चुका नोंदवायचं सॉफ्टवेअर त्यानं इथं येऊन स्वतः बसवायचं आणि दर सोमवारी येऊन त्याच्या नावावरच्या चुकांना उत्तर द्यायचं."

काम दुसऱ्याला गेलं असतं तर स्वराज सुटला असता. त्याला सोडायचं नव्हतं.

तो आला. तिला पाहून हसला. "अरे, जागृती! तू इथं? म्हणजे... मॅडम." मढचं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. विसरला होता. ते पाहून ती आणखी पेटली.

तिने खिडकीजवळचा विंडोजचा कॉम्प्युटर दाखवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलं होतं ती पर्ल आधी बसवावी लागे, मग डेटाबेस, मग ब्राउझरला पानं पुरवणारा वेब सर्व्हर. वेब सर्व्हर सुरूच होईना. त्याची जागा विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हरने आधीच अडवली होती. जागृतीला ते पाहताक्षणी कळलं.

"काय म्हणतोय हा?" स्वराज पुटपुटला.

"वाचा की. लिहिलंय समोर."

दुपारी लाईट गेली. अर्धवट बसवलेलं सगळं बिघडलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ऑफिसातली माणसं येता-जाता डोकावत होती. सावळेराम चहा घेऊन उभे राहिले. "जमतंय ना पावणं?"

शेवटची अडचण तिला तोंडपाठ होती. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत पर्ल कुठे आहे त्याचा पत्ता असतो आणि तो लिनक्सचा होता. एवढ्याशा ओळीपायी तीही रडली होती. स्वराज घामाघूम झाला. कॉलरचं बटण काढून तो तिच्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना."

"मला काय कळतंय? मी कापडं मोजणारी."

मग त्याची नजर खाली गेली. आता त्याला आठवलं होतं.

ऑफिस सुटायच्या वेळेला त्याची त्यालाच ती ओळ सापडली. पान उघडलं. त्याने खुर्चीवरून उठायला पाहिलं.

"थांबा. पहिली नोंद करायचीय," जागृती म्हणाली आणि एकेक शब्द सांगायला लागली. "मढ केंद्र. फॅट शून्य. प्रोग्रॅम न तपासता बदलला. कुणी?"

सावळेराम आणि दोन कारकून मागे उभे होते. स्वराजची बोटं कीबोर्डवर थांबली.

"ते आता... जुनं झालं की."

"कुणी?"

त्याने स्वतःचं नाव टाइप केलं. खोलीत कुणी हसलं नाही. जागृतीला वाटलं होतं तेवढंच ते गोड होतं. ती रात्री घरी दोन घास जास्तच जेवली.

पुढे दर सोमवारी स्वराज जुन्नरहून यायचा, यादी उघडायचा आणि उभ्याउभ्या उत्तरं द्यायचा. जागृतीने केंद्रावरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं: बारीकसारीक काहीही असो, फोन करा. ती एकही तक्रार सोडत नसे. एका पावतीवर नाव जरा डावीकडे सरकलेलं होतं, तेही तिने लिहिलं.

याचा परिणाम मात्र भलताच झाला. चुका निघत गेल्या तसा प्रोग्रॅम सुधारत गेला. एके दिवशी चिमाजी संघात आले आणि तिच्याच टेबलासमोर म्हणाले, "लई ब्येस चालतंय बघा आता. स्वराजभाऊंनी नाव काढलं!" बाहेरच्या तालुक्यातून त्याला बोलावणी यायला लागली. जागृती दातओठ खाऊन ऐकत होती.

आणि एका सोमवारी तिने यादी उघडली तर वर नवी नोंद होती. लिहिणारा स्वराज. 'अवसरी बुद्रुक केंद्रावर संघाकडून दुधाचा जुनाच दरतक्ता भरला गेला. जबाबदार: जागृती.'

तिने पुन्हा पुन्हा तपासलं. खरं होतं. घाईत तिनेच चुकीची फाइल पाठवली होती. संघातल्या प्रत्येक टेबलावर ती नोंद दिसत होती. सावळेरामांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत कागदात डोकं घातलं.

समोरच्या खुर्चीवर स्वराज बसला होता. हसत नव्हता, नुसता वाट पाहत होता.

तिची कानशिलं तापली. खोडता येणार नव्हतं, आणि ते तिला सगळ्यात आधी माहीत होतं. तिने योग्य दरतक्ता पाठवला, अवसरीला फोन करून खात्री केली आणि नोंदीखाली लिहिलं: 'चूक माझी. दुरुस्त केली.'

"झालं?" स्वराजने उठत विचारलं.

"माझं झालं," ती म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्याकडून कालच आलेला प्रोग्रॅम उघडला. "बसा. आता तुमचं बघू."