हौशी बाईचं काम

दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी आणि घरी कॉम्प्युटर जोडायची हौस. या हौसेमुळे गल्लीत तिला सगळे पेचकस म्हणत, नवरासुद्धा. तिची त्याला हरकत नव्हती. सहा वर्षांपूर्वी स्वतःचा बंद पडलेला कॉम्प्युटर तिने कुतूहलापोटी उघडला, परत जोडला, तो चालू झाला, आणि तेव्हापासून जेवणाचं टेबल दर रविवारी तिचं झालं. घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवत. आधी भाचीला एक करून दिला, मग शेजारच्या वकिलांना, मग वकिलांच्या ओळखीत. लोक काय काम करणार ते ती तासभर विचारायची, त्याप्रमाणे एकेक भाग निवडायची, आणि भागांच्या किमतीवर नावाला काहीतरी घ्यायची. प्रत्येक भागाचा नंबर वहीत लिहायचा, भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, तारा प्लास्टिकच्या पट्टीने न आवळता काळ्या दोऱ्याने बांधायच्या, ही तिची पद्धत. नवरा म्हणायचा, साडीलासुद्धा तू इतकी नीट पिन लावत नाहीस.

चार गल्ल्या पलीकडे तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. ती त्याला मेहुणे म्हणे, तो तिला ताई. बरं चाललं होतं.

एका बुधवारी ड्यूटीवरच तिला मेसेज आला. घरांचे नकाशे काढणारी एक मुलगी होती. तान्हं बाळ सांभाळून घरूनच काम करणारी. तिला पेचकसने पाच महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर करून दिला होता. तिने लिहिलं होतं की कॉम्प्युटर दहा दिवस झाले मधेच बंद पडतोय, परवा तर एक अख्खा नकाशा गेला, ऑफिसने काम काढून दुसऱ्याला दिलं. शेवटची ओळ अशी होती: तुमची हौस होते, आमचं काम जातं. दुकानदार म्हणाले तेच खरं, हौशी बाईचं काम असंच असायचं.

पेचकसने तो मेसेज तीनदा वाचला. कान तापले. आधी त्या मुलीचा राग आला, मग स्वतःचा. उरलेले पाच एक्स-रे तिने दात-ओठ खाऊन काढले, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना श्वास रोखा म्हणाली ते सोडा म्हणायलाच विसरली. बिचाऱ्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी ती थेट त्या मुलीच्या घरी गेली. मुलीने दार उघडलं, बाळ कडेवर, आणि बसा म्हणालीसुद्धा नाही. पेचकसने जमिनीवर बसकण मारली आणि कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला. आत बघताच तिचे हात थांबले. तारा पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. टोकं इतकी तिरकी कापलेली की बोटाला लागावीत.

"हा कोणी उघडला होता?" तिने विचारलं.

मुलीने सांगितलं की मागच्या महिन्यात एक जादा डिस्क बसवायची होती. पेचकसची तेव्हा सलग ड्यूटी होती, म्हणून ती दुकानात घेऊन गेली. कुठलं दुकान ते सांगायची गरजच नव्हती. आसपास एकच होतं.

पेचकसने वही काढली आणि एकेक नंबर ताडून पाहिला. रॅमच्या दोन पट्ट्यांच्या जागी एकच होती, तीही कोणाच्या तरी जुन्या मशीनमधली, कडा काळपट पडलेली. तिने मुद्दाम घेतलेला भारी पॉवर सप्लाय गायब होता आणि त्या जागी एक हलका डबा बसवला होता. नाव दिसू नये म्हणून लेबलाची बाजू आत फिरवलेली. नकाशांचं जड काम सुरू झालं की त्याचा दम संपायचा आणि मशीन बसायचं. लाल ठिपका या दोन्हींवर नव्हता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की बहिणीच्या संसाराचा विचार कर, त्याला घरी बोलावू, समजावून सांगू, झाकली मूठ राहू दे. पेचकस म्हणाली, मूठ त्याची आणि झाकायची मी? नवऱ्याने पुढे वाद घातला नाही, पण उठून तिच्यासाठी चहाही केला नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजा टाकून ती दुकानात गेली. गिऱ्हाईकं तीन होती, मेहुणा बिल करत होता. ताई, या या, बसा, म्हणाला. ती बसली नाही. दर्शनी भागात काचेच्या बाजूचा एक नवाकोरा कॉम्प्युटर दिव्यांनी लखलखत ठेवला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. काचेतून रॅमच्या चार पट्ट्या दिसत होत्या. दोन कोऱ्या. उरलेल्या दोन्हींवर कोपऱ्यात लाल ठिपका.

त्याने तो पुसायचीही तसदी घेतली नव्हती. चोरी करतानासुद्धा आळस.

"मेहुणे, हा उघडा," ती म्हणाली.

तो हसला. विकायचा पीस आहे, म्हणाला, सील आहे. तिने पर्समधून स्वतःचा पेचकस काढला, मशीनची वायर ओढली आणि काचेचे चारही स्क्रू फिरवले. तो काउंटरमागून बाहेर येईपर्यंत काच तिच्या हातात होती. मग तिने वही उघडली आणि पट्ट्यांचे नंबर मोठ्याने वाचले, आधी वहीतले, मग पट्ट्यांवरचे. जणू शाळेत हजेरी घेत होती. त्यानंतर खाली वाकून पॉवर सप्लायचा नंबर वाचला. तोही जुळला. गिऱ्हाईकांपैकी एक जण, जाडजूड गृहस्थ, हातातला कीबोर्ड हळूच परत रॅकवर ठेवून पाहत राहिला.

मेहुणा तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, घरी बोलू. इथे नको."

"तू चोर आहेस," ती म्हणाली.

अठरा वर्षांत तिने त्याला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. चोर या शब्दापेक्षा त्याला ते तू जास्त लागलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मग तोही उसळला. आवाज मात्र त्याने चढवला नाही.

"तुमची हौस आहे, ताई. माझं पोट आहे. ज्या भावात तुम्ही मशीन देता, त्या भावात मला दुकानाचं भाडंही सुटत नाही. दोन वर्षांत तुमच्यामुळे किती गिऱ्हाईकं गेली, मोजलीत कधी? हिला सांगायला लावलं होतं तुम्हाला. तुम्ही हसलात."

ते खरं होतं. मागच्या वर्षी बहीण भांडी विसळता विसळता म्हणाली होती, ताई, तू आता हे कमी कर गं, ह्यांना बरं वाटत नाही. आणि पेचकस म्हणाली होती, पुरुषांना बाईच्या हातात पेचकस बघवत नाही, दुसरं काय. दोघी हसल्या होत्या. म्हणजे, हसली होती ती एकटीच, हे तिला आत्ता आठवलं.

पण त्यामुळे राग उतरला नाही. उलट वाढला, कारण त्यात आता तिचाही थोडा वाटा होता.

"माझ्या तोंडावर सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी भांडले असते, कदाचित थांबलेही असते. पण तू त्या पोरीचं मशीन पोखरलंस. तिने तुझं काय वाकडं केलं होतं?"

त्याने खाली मान घालून बिलबुक सरळ केलं.

पट्ट्या आणि पॉवर सप्लाय तिने स्वतःच्या हाताने काढून रुमालात बांधले. दारात तो जाडजूड गृहस्थ तिला अडवून म्हणाला की मला तुम्हीच एक करून द्या. तिने त्यालाही सोडलं नाही. मी दुकानातलं गिऱ्हाईक पळवत नाही, म्हणाली. इथूनच घ्या, पण समोर उघडून दाखवायला लावा.

संध्याकाळी तिने मुलीचं मशीन पूर्ववत केलं. मुलगी वरमली होती, पण माफी काही तिने मागितली नाही. एवढंच म्हणाली की ऑफिसला हे कसं पटवू. पेचकसने तिथेच बसून दोन पानी पत्र लिहिलं, कुठला भाग कधी बदलला गेला, नकाशा का गेला, सगळं नंबरांसकट, आणि खाली सही करून स्वतःचा फोन दिला. ऑफिसने ते गेलेलं काम परत दिलं नाही. पंधरा दिवसांनी एका गॅरेजचा छोटा नकाशा दिला.

बहीण तिसऱ्या दिवशी आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"चार लोकांसमोर, ताई?"

"मला हौशी बाई म्हणाला तो, तेही लोकांसमोरच."

"मी तुला सांगितलं होतं."

"हसत सांगितलंस."

"मी हसत नव्हते," बहीण म्हणाली, आणि चप्पल न काढताच परत गेली.

त्यानंतर दोन महिने बहिणी बोलल्या नाहीत. मग आईच्या दाढेच्या निमित्ताने फोन सुरू झाले. दाढ कधी काढायची, कोण घेऊन जाणार, तेवढंच. मेहुण्याचं नाव दोघींच्या बोलण्यात आलं नाही. त्याच्या दुकानात आता म्हणे गिऱ्हाईक कॅबिनेट उघडून बघायला मागतं. हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा पेचकसला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

मधल्या काळात एका प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंसाठी तिने नवं मशीन जुळवायला घेतलं. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, उपकार नकोत, भाव दुकानाएवढाच लावा, आणि या वेळी तिने तो तसाच लावलाही. रविवारी टेबलावर कापड अंथरलं, भाग मांडले, आणि तिसराच स्क्रू इतका आवळला की आटे गेले. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. दुकानातलं ते सगळं बोलणं अजून डोक्यात सुरूच होतं, आता तर तिला जास्त चांगली उत्तरं सुचत होती. तिने पेचकस खाली ठेवला आणि बाईंना फोन करून सरळ सांगितलं की आठवडाभर उशीर होईल, डोक्यात राग आहे, हात नीट चालत नाही.

बाई म्हणाल्या की घाई नाही. रागात असले की त्याही सुई हातात घेत नाहीत. एकदा घेतली होती, तर बैलाने त्यांना दाखवून दिलं.

पेचकसला हसू आलं, फारसं नाही. तिने भाग पुन्हा एकेक करून खोक्यात भरले, कापडाची घडी घातली, आणि घरच्यांना सांगितलं की आज टेबलावर जेवा.