सात नंबरची खिडकी

त्या शहरात बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर 'तळं' एवढंच होतं. पण नुसतं पाणी बघत माणूस किती वेळ थांबणार? म्हणून पर्यटन कार्यालयाने नकाशा छापला आणि त्यावर दहा आकडे टाकले. एक नंबरला घड्याळाचा मनोरा. घड्याळ वीस मिनिटं मागे. तीन नंबरला मत्स्यालय. मासे समोरच्याच तळ्यातून धरून आणलेले, वर पत्र्याचं छप्पर आणि दाराशी तिकीट. पाच नंबरला एक खडक होता, त्याला हत्ती म्हणायचं. हत्ती दिसला नाही तर दोष बघणाऱ्याचा. नाव मोठं आणि लक्षण खोटं, असा सगळा मामला. सात नंबरला मात्र एक खिडकी होती आणि तिच्यात एक म्हातारी हात हलवायची. दहा आकड्यांत खरी गोष्ट काय ती तेवढी एकच.

ती म्हातारी म्हणजे लाँचवालीची आई.

लाँचवालीला सगळं शहर याच नावाने ओळखायचं. बावीस वर्षं ती तळ्याला फेरी मारणाऱ्या लाँचवर माइक धरून उभी होती. नोकरी लागली तेव्हा आईने आकांत केला, कारण पोरीला पोहता येत नव्हतं. पोरगी ऐकेना म्हटल्यावर आईने स्वतःच बंदोबस्त केला. लाँच घराखालून जायच्या वेळी ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत येऊन उभी राहायची, मुलगी अजून बुडालेली नाही याची खात्री करून घ्यायची, हात हलवायची आणि आत जायची. पहिल्याच आठवड्यात एका प्रवाशाने विचारलं, त्या बाई कोण? लाँचवाली लाजली, पण गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. माइकमध्ये म्हणाली, "ती माझी आई. सगळ्यांनी हात हलवा हं, नाहीतर आज मला घरात घ्यायची नाही." लाँचभर हशा पिकला. चाळीस हात वर गेले. आई आधी गडबडली, मग तिने दोन्ही हात हलवले.

झालं. तेव्हापासून दिवसाला सहा फेऱ्या आणि सहा वेळा तेच वाक्य. लाँच चालवणारा भोंगा (त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं) खिडकी जवळ आली की तीन आखूड शिट्ट्या द्यायचा. लोक फोटो काढायचे. पुढच्या नकाशावर कार्यालयाने छापून टाकलं: 'सात, हात हलवणारी आजी'. एकुलती एक मुलगी, तीही बिनलग्नाची. मग ही आजी कोणाची, असा प्रश्न कार्यालयात कोणाला पडला नाही. आईने तो नकाशा स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आणि येईल त्याला दाखवला.

मग कार्यालयात नवे साहेब आले. त्यांनी लाँचवालीला बोलावून खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सांगितलं की तुमचा आवाज म्हणजे या शहराचा ठेवा आहे, तो जपून ठेवायला हवा. बावीस वर्षांत तिला या इमारतीत कोणी बस म्हटलं नव्हतं. ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून गेली. आवाजाला कपडे कशाला लागतात, हे भोंग्याने विचारून पाहिलं. रोज जसं बोलता तसंच बोला, काही गाळू नका, असं साहेबांनी बजावलं होतं. तिने काही गाळलं नाही. मनोरा, मासे, हत्ती, आई, सगळं सांगितलं. मग एका कागदावर सही केली.

"तू तुझा आवाज देऊन टाकलास," भोंगा म्हणाला. "आता तुला कशाला ठेवतील?"

ती त्याच्यावर चिडली. पाच आठवड्यांनी साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी कॉफी नव्हती. लाँचवर यंत्र बसवलंय, माणसाची गरज उरली नाही, असं ते कागदाकडे बघत म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो. ठेवा जपला गेला आणि ठेवेवाली घरी बसली.

घरात दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकी, खिडकीशी आईची खुर्ची, मागे स्वयंपाकघर. बावीस वर्षं ज्या खिडकीकडे तिने पाण्यावरून पाहिलं, तिच्या आतल्या बाजूला ती पहिल्यांदाच दिवसभर होती. आई फेरीच्या कितीतरी आधी तयारी करते, हे तिला तेव्हा कळलं. केस विंचरायची, स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत लावायची, काच पुसायची. तीन शिट्ट्या झाल्या की उठायची. आणि खालून, पाण्यावरून, लाँचवालीचा स्वतःचा आवाज यायचा: "ती माझी आई. सगळ्यांनी हात हलवा हं." चहाची किटली हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

आई त्याआधीपासून थोडं थोडं विसरत होती. गॅस, चष्मा, वार. चालायचंच, असं लाँचवाली म्हणायची. पण एका सकाळी दहाच्या फेरीला आई हात हलवून झाल्यावर मागे वळली आणि कौतुकाने म्हणाली, "ऐकलंत ना? ती माझी मुलगी. लाँचवर असते."

लाँचवालीने मागे वळून पाहिलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

तिने समजावलं, रागावली, जुने फोटो काढले. आई ऐकून घ्यायची आणि हसायची, दाराशी काही विकायला आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं. पाव दुधात बुडवून भरवणारी, अंघोळ घालणारी, रात्री पांघरूण सारखं करणारी ही कोणी चांगल्या घरची बाई आहे, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मुलगी पाण्यावर होती. दिवसातून सहा वेळा येत होती, आई म्हणून हाक मारत होती. डोळ्यांसमोरच्या बाईपेक्षा तो पुरावा मोठा होता.

लाँचवालीला त्या आवाजाचा हेवा वाटू लागला. सरळ सांगायचं तर तिला तो गळा आवळावासा वाटे. मला नोकरीतून काढलं ते काढलं, आता आईच्या मनातूनही काढलं, आणि काढणारीही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ. हा आवाज बंद झाला तर आई आपल्याकडे वळून बघेल, हे ती धरूनच चालली.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना आईपाशी बसवून ती कार्यालयात गेली. साहेबांना वाटलं, ही पैसे मागायला आली. तिने सांगितलं की पैसे नकोत, आवाज परत द्या, प्रतही ठेवू नका. साहेबांनी सही दाखवली. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी तिने तिथल्या बाकावर बसून, नकाशे घ्यायला आलेल्या प्रवाशांना सगळी हकिगत तिच्या त्या सरावाच्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. तेव्हा साहेब बाहेर आले.

"पुसून टाकतो," ते म्हणाले. "पण पुन्हा येऊन रडायचं नाही."

"मी कशाला रडेन?" ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी नवा आवाज आला, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या पुरुषाचा. उच्चार स्वच्छ, हत्तीबद्दल ठाम. दहाची फेरी आली. आईने बटणं लावली होती, काच पुसली होती. तीन शिट्ट्या झाल्या. आई उठली, हात वर केला, आणि खालून तो पुरुष म्हणाला, "डाव्या बाजूला आपल्याला दिसत आहे हात हलवणारी आजी." आईचा हात तसाच वर राहिला. मग तिने तो हळूच खाली घेतला.

"आज ती आली नाही," आई म्हणाली.

लाँचवाली खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. आईचे हात हातात घेऊन म्हणाली, "आई, मी इथे आहे. मीच ती. आता दुसरीकडे कुठे नाहीये मी."

आईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही फार करता माझं," आई म्हणाली. "पण जरा चौकशी कराल का? तिला पोहता येत नाही हो."

त्या दिवशी आई जेवली नाही. ती आल्यावर जेवते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दूध पोटात गेलं, तेही शिंपीणबाईंनी दटावलं म्हणून. तिसऱ्या दिवशी आईने खुर्ची सोडायचंच नाकारलं. तळ्यात काही तरंगतंय का ते बघत बसली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाँचवाली कार्यालयात गेली आणि साहेबांनी जे करायचं नाही म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच तिने केलं. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या अर्जावरून सगळं पुसलंय, प्रत ठेवलेली नाही, तुम्हीच ठेवू नका म्हणालात. तिने पुन्हा रेकॉर्ड करून देते म्हटलं, फुकट. साहेब म्हणाले, नव्याला आठवडाही झाला नाही. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी. आईने तीन दिवसांत धड एक वाटीही संपवली नव्हती.

धक्क्यावर भोंगा दोर गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो नव्हतो का, हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं, हे त्याचे उपकारच. त्याने युक्ती सांगितली. सात नंबरला तो यंत्राचं बटण मिनिटभर खाली करेल, माइक तिच्याकडे देईल. पण तिला फुकट चढवता यायचं नाही, वर कॅमेरा आहे. "दहाच्या फेरीचं तिकीट काढ," तो खाली बघत म्हणाला. "प्रवासी म्हणून ये."

बावीस वर्षं जिच्या आवाजावर ती लाँच चालली, तिने रांगेत उभं राहून तिकीट काढलं. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने तिला नकाशा दिला आणि सात नंबर अजिबात चुकवू नका म्हणून सांगितलं.

मनोरा गेला, मासे गेले, हत्ती गेला. शेजारच्या कुटुंबाला हत्ती दिसला नाही. घर जवळ आलं तशा तीन शिट्ट्या झाल्या आणि तो स्वच्छ पुरुष मध्येच गप्प झाला. लाँचवाली उभी राहिली. भोंग्याने माइक तिच्या हातात दिला.

"ती माझी आई," ती म्हणाली. "सगळ्यांनी हात हलवा हं. नाहीतर आज मला घरात घ्यायची नाही."

लोक हसले. हात वर गेले. वर काचेमागे म्हातारी ताडकन उठली, खिडकी उघडून कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि दोन्ही हात हलवायला लागली. शिंपीणबाईंनी तिला मागून धरलं. एवढ्या लांबून आईचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण ती कोणाकडे बघत होती ते दिसत होतं. ती आपल्या मुलीकडे बघत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. लाँच पुढे गेली, भोंग्याने बटण वर केलं आणि तो पुरुष आठ नंबरच्या बागेबद्दल सांगू लागला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ती धावतच घरी आली. दोन जिने चढताना तिला वाटत होतं, आत्ता, निदान आत्ता तरी. शिंपीणबाईंनी दारातच सांगितलं की पूर्ण वाटी खाल्ली, वर आणखी मागितलं. आई खुर्चीत बसली होती, गाल लाल, स्वेटरचं एक बटण तुटून लोंबत होतं.

"तुम्ही उशीर केलात," आई म्हणाली. "माझी मुलगी आत्ताच येऊन गेली. काय छान बोलते."

लाँचवालीने रिकामी वाटी उचलली. हातात धरून तिथेच उभी राहिली.

आईने तिच्याकडे मायेने पाहिलं. "तुम्हाला आई आहे का हो?"

"आहे," ती म्हणाली. "सात नंबरला."

"मग जात जा की तिच्याकडे," आई म्हणाली. "वाट बघत असेल बिचारी."