चौथा कोपरा

"ते नको. ते मालातलं नाही," दत्तोबा म्हणाला.

शिवराजचा हात खाटेवरच्या निळ्या ब्लँकेटवर थांबला. विमान कंपनीचं नाव विणलेली पट्टी कोपऱ्यात स्पष्ट दिसत होती.

"काका, मालातलंच हाय की."

बाहेर अंबरपेठच्या गल्लीत टेम्पो उभा होता. कंपनीची ब्लँकेटं दत्तोबाच्या लाँड्रीत धुवायला यायची. एके सकाळी विमानं उडायची थांबली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेवटची खेप इथंच पडून राहिली. शिवराज त्या विमान कंपनीचा स्टोअरकीपर. पगार बुडाला तो बुडालाच. आता कोर्टाने नेमलेल्या साहेबासाठी तो रोजंदारीवर कंपनीचाच माल गोळा करत फिरत होता.

"बाकीच्यांनी गौलीगुड्याच्या बाजारात विकून टाकली ब्लँकेटं. तुम्हीच तेवढी धुऊन, बांधून ठेवलाव."

"लोकांचा माल हाय. बिलाचं काय झालं?"

"आधी बँका, मग आम्ही नोकर, मग तुम्ही. खरं सांगू? तुमच्यापतुर काही येत नाही. आमच्यापतुर बी आलं नाही."

"मग कायकू राबालास त्यांच्यासाठी?"

"घरी बसलं की बायको बघत राहते, काका. बोलत नाही, नुसती बघते."

"बघू दे की. बघणारी हाय तवर बघू दे."

पूर्वी शिवराज माल घेऊन आला की दत्तोबाची बायको, जयवंताकाकू, त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

जयवंताचं ऑपरेशन लांबत गेलं होतं. "विमानवाल्यांचं बिल आलं की करू," असं तीच म्हणायची. बिल आलं नाही. थंडी भरून ती थरथरायला लागली तेव्हा घरातल्या गोधड्या पुरेनात. गिऱ्हाइकाची वस्तू घरात वापरायची नाही, हा नियम तिचाच. दत्तोबाने तो मोडला आणि कंपनीचं एक ब्लँकेट तिच्या अंगावर घातलं. "लोकांचं हाय ते, काढा," ती म्हणाली; पण पट्टीचा कोपरा मुठीत धरून तिने तो हनुवटीखाली ओढून घेतला. शेवटपर्यंत मूठ तिथंच होती. नंतर ते ब्लँकेट पाण्यात गेलंच नाही. कोपऱ्याला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास होता.

"परेशान नका होऊ," शिवराज हळूच म्हणाला. "बाद झालं म्हणून दाखवतो. कोपरा कापून द्या, ब्लँकेट ठेवा तुम्हाला."

बाद ब्लँकेटची पद्धतच ती होती. नावाच्या पट्टीचा कोपरा कापून कंपनीला पाठवायचा. तो पोचला की ब्लँकेट हिशेबातून गेलं. उरलेल्याची फडकी करायची.

दत्तोबाने कात्री आणली. कोपरा डाव्या हातात धरला. कात्री उघडली, पण चालेना.

"काय बगालाव काका? एका मिनिटाचं काम."

"कोपरा कुठं जाईल?"

"कुठं म्हणजे? पाकिटात घालून साहेबाकडं. तिथून कचऱ्यात."

दत्तोबाने कात्री मिटली.

"उलटं करू," तो म्हणाला. "ब्लँकेट तू ने. कोपरा मला राहू दे."

"कोपऱ्याशिवाय बाद धरत नाहीत, काका."

"बाद कशाला? मिळालं म्हण. कोपऱ्याला फाटकं."

शिवराजने त्याच्याकडे पाहिलं. "हौ. तसं म्हणतो."

दत्तोबाने कोपरा कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग ब्लँकेट उचलून तो मशीनकडे निघाला.

"आता धुता कशाला? कोण अंगावर घेणार हाय? भंगारात जाईल सगळं."

"न धुतलेला माल हितून जात नाही."

मशीन फिरायला लागलं. दत्तोबा काचेकडे पाठ करून स्टुलावर बसून राहिला. शिवराजने बाकीचे गठ्ठे टेम्पोत टाकले आणि ड्रायर थांबेपर्यंत तोही दारात बसला.

ब्लँकेट गरम बाहेर आलं. त्याची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. दोन कोपरे दत्तोबाने धरले, दुसरी बाजू शिवराजकडे गेली.

"ताणून धर गं," दत्तोबा म्हणाला.

शिवराजने मान वर केली नाही. एका हातात कोपरा होता. दुसऱ्या हाताने त्याने कापलेली कड चिमटीत पकडली आणि ब्लँकेट ताणून धरलं.