काचेतली हाडं

पलूसहून आलेल्या आयेला मी मुंबईचा अजबखाना दाखवायला नेलं. चित्रं, दगडी मूर्ती तिनं नुसत्या नजरेखालून घातल्या. पण शास्त्राच्या दालनात काचेच्या कपाटात माणसाचा सांगाडा उभा होता. तिथं तिचा पाय थबकला.

माझा थोरला भाऊ आकाराम एकाहत्तरच्या लढाईत गेला. मढं काही घरी आलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून आम्ही त्यालाच अग्नी दिला होता.

आये काचेला नाक लावून सांगाड्याचे दात बघत राहिली. आकारामचा पुढचा दात बैलाचं शिंग लागून अर्धा तुटलेला होता.

"आपला न्हाई," ती म्हणाली. मग पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून तिनं कपाटाच्या पायाशी पाण्याची धार धरली.

पहारेकरी ओरडत आला. "ए बाई, येडी का खुळी तू? पोरांना शिकायला ठेवलाय तो!"

माझं डोकंच फिरलं. मी त्याची गचांडी धरली. "नीट बोल! आई हाय माझी!"

आयेनं माझा हात खाली ओढला आणि त्यालाच विचारलं, "ह्याच्या घरीबी पुतळाच जाळला असंल रं बाबा. ह्यो हितं हाय म्हणून त्याच्या आईला कळवलं का कुणी?"